बिनसरच्या गावांमधून चार दिवस: कुमाऊंतल्या सोप्या पायी भटकंतीची तयारी

उत्तराखंडच्या कुमाऊं भागातलं अल्मोडा शहर समुद्रसपाटीपासून साधारण १६४० मीटरवर वसलं आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर. तिथून तीसेक किलोमीटरवरच्या बिनसर अभयारण्यात सर्वांत उंच जागा २४०० मीटरच्या जरा वर आहे. हे आकडे आधीच सांगते, कारण हिमालयात चालायचं म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं विरळ हवेच्या आणि बर्फाच्या धास्तीने मागे सरतात. या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. तंबू नाही, दोर नाही. एका गावातून निघायचं, दुपारी जंगलात डबा खायचा, संध्याकाळच्या आत दुसऱ्या गावात पोचायचं.

मी या गावांमधून तीनदा चालले आहे. पहिल्यांदा सह्याद्रीतल्या सवयीने भराभर चालले आणि दोन दिवसांची वाट एका दिवसात उरकली. वाट तेवढी लक्षात राहिली, गावं राहिली नाहीत. तिसऱ्या खेपेला सहासष्ट वर्षांच्या आईला घेऊन गेले. तिच्या चालीने चालताना कळलं की ही भटकंती सोपी आहे ती अंतर कमी असल्यामुळे नाही. इथे घाईचं काही कारणच नाही, म्हणून ती सोपी आहे. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती आहे.

महिना आधी ठरवा, बाकी सगळं नंतर

हिमशिखरं बघायची असतील तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर अखेर. पावसाने हवा धुतलेली असते, शेतात कापणी चाललेली असते, दिवसा अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो आणि रात्री स्वेटर लागतो. मला विचाराल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा.

मार्च-एप्रिलमध्ये बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो. हिरव्यागर्द बांज (ओक) वृक्षांमध्ये लालभडक फुलांची झाडं दिसतात आणि गावात त्या फुलांचं सरबत मिळतं. मार्चच्या मध्यावर, चैत्र संक्रांतीला, फूलदेईचा सण असतो. मुलं सकाळी टोपलीत फुलं घेऊन घरोघर उंबऱ्यावर वाहतात. तो दिवस साधता आला तर जरूर साधा. मात्र या दिवसांत हवा धुरकट असते, शिखरं दिसतीलच असं नाही.

मे-जूनमध्ये काफळ पिकतात, रानातली ही आंबटगोड लाल फळं वाटेवर विकायला असतात. पण हेच वणव्याचे दिवस. जून २०२४ मध्ये बिनसरच्या जंगलात आग विझवायला गेलेल्या वन विभागाच्या माणसांचा होरपळून मृत्यू झाला. त्यानंतर मी कोणालाही जूनमध्ये जा म्हणत नाही. जुलै ते सप्टेंबर जळवा आणि दरडी. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ असतं, पण रात्री पारा शून्याजवळ जातो. थंडी सोसत असेल तरच.

वाटाड्या: सगळ्यांत जास्त वेळ इथे घाला

पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की वाटाड्या वाट चुकू नये म्हणून घ्यायचा. ते आहेच, जंगलात पायवाटा फुटत जातात आणि पाटी कुठेच नसते. पण त्याचं खरं काम गावाच्या वेशीवर सुरू होतं. तो सोबत असला की तुम्ही वाट तुडवणारे परके राहत नाही, अमक्याचे पाहुणे होता. तो अंगणात उभा राहून हाक मारतो, आतून कोणीतरी येतं, चटई पडते, चहा येतो.

म्हणून वाटाड्या त्याच पट्ट्यातल्या गावचा हवा. बिनसरच्या आत आणि कडेला दलार, सतरी, रिसाल, गोनाप, कठधारा अशी लहान गावं आहेत. तिथे गावसमित्यांनी चालवलेली साधी पाहुणघरं आहेत. स्वयंपाक गावातलीच माणसं करतात आणि पैसे गावात राहतात. अशी व्यवस्था जो लावून देतो त्याच्याशीच बोला. दिल्लीहून गाडीत बसून आलेला गाईड कितीही तरबेज असला तरी त्याला गावात हाक मारता येत नाही.

फोनवर बोलताना मी हे विचारते. तुमचं स्वतःचं गाव कोणतं? एका वाटाड्यामागे किती माणसं? सहा ते आठच्या वर असतील तर नको. सामान कोण नेणार, माणूस की खेचर, आणि त्याचे पैसे यात धरले आहेत का? रोज रात्री मुक्काम कोणाकडे, आणि त्या घराला तुम्ही काय देता? वाटेत कोणाचा पाय मुरगळला तर जवळचा गाडीरस्ता किती वेळावर आहे? शेवटी एक प्रश्न मुद्दाम: तुमच्या गावात प्यायचं पाणी कुठून येतं? गावचा माणूस लगेच नौल्याचं, म्हणजे झऱ्याच्या कुंडाचं, नाव सांगतो, ते उन्हाळ्यात आटतं की नाही हेही सांगतो. ज्याला हे सांगता येत नाही त्याने गाव फक्त रस्त्यावरून पाहिलेलं असतं.

अंतराबद्दलही आधीच बोलून घ्या. डोंगरातला माणूस 'बस, थोडंच' म्हणतो ते त्याच्या चालीने. त्याच्या अर्ध्या तासाचा आपला सव्वा तास होतो. तेव्हा 'आमच्या चालीने किती?' असं विचारायचं आणि चढ किती, उतार किती ते वेगळं विचारायचं. कुमाऊंनीत चढाला उकाव आणि उताराला हुलार म्हणतात. गावाच्या नावाआधी 'मल्ला' असेल तर ते वरचं, 'तल्ला' असेल तर खालचं. एवढं माहीत असलं तरी संध्याकाळी आपल्या वाट्याला काय आहे याचा अंदाज येतो.

दिवसाला सहा ते दहा किलोमीटर, मधल्या थांब्यांसह पाच-सहा तास. याहून जास्त आखून देणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

गुडघ्यांची तयारी

दम लागला तर थांबता येतं. गुडघा बोलू लागला की पुढचे तीन दिवस वाया जातात. ही गावं डोंगरउतारांवर वसलेली आहेत आणि दोन गावांमध्ये बहुतेक वेळा एखादा गधेरा, म्हणजे ओढ्याची घळ, असते. म्हणजे आधी उतरायचं, मग चढायचं. उतार मांड्यांना आणि गुडघ्यांना सोसावा लागतो, त्याची सवय सपाटीवर चालून होत नाही.

सहा आठवडे आधी सुरुवात करा. रोज चाळीस मिनिटं चालणं, आणि आठवड्यातून तीनदा जिने. चढताना घाई नको, उतरताना तर मुळीच नको. पाऊल अलगद टेकवायचं, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. शेवटचे दोन आठवडे जे बूट नेणार आहात तेच घालून, पाठीवर चार-पाच किलो वजन घेऊन चाला. मग एक परीक्षा: लागोपाठ दोन दिवस रोज तीन तास चालून बघा. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना काय होतं त्यावरून तयारी कळते.

नवे कोरे बूट नेऊ नका. प्रवासाला निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. उतार सुरू होण्याआधी घोट्याजवळची बुटाची नाडी घट्ट बांधा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही आणि अंगठ्याची नखं काळीनिळी होत नाहीत. आईसाठी दोन काठ्या नेल्या होत्या. पहिल्या तासाला तिला त्या अडगळ वाटल्या, दुसऱ्या दिवसापासून तिने त्या हातातून सोडल्या नाहीत.

सामान

मोठी पिशवी खेचरावर किंवा माणसाच्या पाठीवर जाते, म्हणून ती दहा किलोच्या आत ठेवा. नेणाऱ्याचीही पाठ आहे. आपल्या पाठीवर दोन लिटर पाणी, पावसाचं जाकीट, एक उबदार थर, टोपी, सुकामेवा, मीठसाखरेची पुडी, गुडघ्याचा पट्टा, पायाच्या फोडांसाठी चिकटपट्टी, आपली रोजची औषधं. डोक्याला बांधायची विजेरी विसरू नका. गावात वीज असते पण जाते, आणि मोरी घराबाहेर असू शकते. मोबाइलला रेंज एका वळणावर येते आणि पुढच्या वळणावर जाते. ऑनलाइन पैशांवर विसंबू नका, अल्मोड्यातच रोकड काढा आणि सुट्टे ठेवा.

मुलांसाठी चॉकलेटं नेऊ नका. द्यायचंच असेल तर शाळेसाठी वह्या-पेन्सिली वाटाड्यामार्फत शिक्षकांच्या हाती द्या. वाटेवर वाटप केलं की मुलं हात पुढे करायला शिकतात, आणि ते आपण शिकवलेलं असतं.

काठगोदाम ते अल्मोडा

शेवटचं रेल्वे स्टेशन काठगोदाम. दिल्लीहून सकाळची शताब्दी दुपारच्या आत पोचवते. जुन्या दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पहाटे सोडते. मला रात्रीची बरी वाटते, कारण अल्मोड्याला उजेडात पोचता येतं. काठगोदाम किंवा शेजारच्या हल्द्वानीहून अल्मोड्याला सामायिक जीप मिळतात. अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर, वेळ साडेतीन-चार तास. वाटेत कैंची धाम लागतं. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची लांब रांग लागते, आणि १५ जूनला वार्षिक मेळा असतो. शक्यतो मधल्या वारी प्रवास करा.

गाडी लागणाऱ्यांनी भरल्या पोटी बसू नये, उपाशीही बसू नये. गोळी घ्यायची तर निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर उपयोग होत नाही.

चालकाला 'बिनसर' एवढंच सांगू नका. रानीखेतजवळ बिनसर महादेव नावाचं वेगळं देऊळ आहे. 'अल्मोड्याजवळचं बिनसर अभयारण्य, अयारपानीचं फाटक' असं सांगा.

अल्मोड्यात एक रात्र काढाच. संध्याकाळी जुन्या बाजारातल्या फरसबंद गल्लीतून चाला, नक्षीदार लाकडी चौकटी बघा. वेळ असेल तर आठेक किलोमीटरवरच्या चितईला जा. गोलू देवता हा कुमाऊंतला न्यायाचा देव. लोक त्याला अर्ज लिहितात, काही जण तर मुद्रांकाच्या कागदावर, आणि काम झालं की घंटा बांधतात. हजारो घंटांखाली ते कागद वाऱ्यावर हलत असतात. ते अर्ज वाचू नका, ते देवाला लिहिलेले आहेत.

चालायचे चार दिवस

गावांचा क्रम वाटाड्याला ठरवू द्या. कुठल्या घरी जागा आहे, कुठल्या ओढ्याला पाणी आहे, हे त्यालाच माहीत. माझा आग्रह फक्त दिवसांच्या चढ-उताराबद्दल असतो.

पहिला दिवस छोटा हवा. अभयारण्याच्या फाटकावर प्रवेशशुल्क भरायचं, ओळखपत्र दाखवायचं, आणि दोन-तीन तासांत पहिलं गाव. पाय, पाठ, बूट यांची ओळख होण्याचा हा दिवस. दुपारी गावात पोचून जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत काही करायचं नाही. अंगणात बसून राहायचं. आईला हेच सगळ्यांत जास्त आवडलं.

दुसरा दिवस गावाहून गावाला. सकाळी आठला निघा. बांजाच्या रानातली वाट मऊ असते, खाली पानांचा थर असतो, झाडांच्या फांद्यांवर शेवाळ असतं. थोडं खाली उतरलं की चीड, म्हणजे पाइन, सुरू होतो आणि हवा एकदम बदलते, उष्ण आणि राळेच्या वासाची. चिडाच्या वाळक्या सुयांना तिथे पिरुल म्हणतात. पिरुलावरून उतरणं म्हणजे तेलकट फरशीवरून उतरणं. पाय आडवा टाका, पावलं लहान घ्या, काठी खालच्या बाजूला रोवा. माझ्या ओळखीतले जेवढे पडले ते सगळे पिरुलावर, खडकावर एकही नाही. जून महिन्यात वणवा पसरतो तोही याच सुयांमुळे.

बांज आणि चिडातला फरक वाटाड्याला विचारा आणि तो बोलू लागला की थांबवू नका. बांजाच्या रानाखालचे झरे टिकतात, जनावरांना चारा मिळतो. चिडाखाली फारसं काही उगवत नाही. हे तिथल्या बायकांना सर्वांत आधी कळतं, कारण पाणी आणि गवत त्यांच्या डोक्यावरून घरी येतं.

तिसरा दिवस चढाचा, धारेवर जायचा. वाटेत देवदारांमध्ये बिनेश्वर महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे, चंद राजांच्या काळातलं. वर सरकारी विश्रामगृहापासून झीरो पॉइंट या शिखरं बघायच्या जागेपर्यंत साधारण दोन किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट आहे. तिथे वर पोचल्यावर एकदा जावं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. पश्चिमेकडून पूर्वेकडे चौखंबा, त्रिशूळ, नंदादेवी, नंदाकोट, पंचचूली अशी ओळ उजळत जाते. ७८१६ मीटरची नंदादेवी ही या लोकांची कुलदेवता आहे, लेकही आहे. वाटाड्याने हात जोडले की आपणही जोडावेत. ढग असतील तर हळहळू नका, चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा संधी असते. मग चौथ्या दिवशी दुपारपर्यंत उतरून गाडीरस्ता.

गावात

कुमाऊंतलं जुनं घर दुमजली असतं. खाली जनावरं, वर माणसं. खालच्या भागाला ते गोठ म्हणतात आणि पुढच्या फरसबंद अंगणाला पटांगण. हे शब्द कानावर पडल्यावर आई थबकलीच. गोठा आणि पटांगण, आपलेच शब्द. अशी घरं एकाला एक जोडून ओळीने उभी असतात, त्या ओळीला बाखली म्हणतात. छपरावर पाटाल, म्हणजे पाटीच्या दगडाचे चौकोन. उंबऱ्यावर गेरूच्या लाल सारवणावर तांदळाच्या पिठीने काढलेली ऐपण असते, ती ओलांडून जा, तिच्यावर पाय देऊ नका.

नावं विचारलीत तर पंत आणि जोशी भेटतील. कुमाऊंतली पंत मंडळी आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले असं परंपरेने सांगतात. आपण कुठून आलो हे सांगितलं की या विषयावर एक चहा ठरलेला.

वयाने मोठ्यांना 'पैलाग' म्हणा, पाया पडतो अशा अर्थाचं. थोरल्या पुरुषाला दाज्यू, बाईला दीदी, म्हाताऱ्या आजीला आमा. स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय जाऊ नका आणि बोलावलं तरी चपला बाहेर. चुलीजवळच्या जागेचे त्यांचे सोवळ्याचे नियम असतात. नौला म्हणजे दगडी बांधणीचं, छप्पर असलेलं झऱ्याचं कुंड. तिथे देवाची मूर्ती असते. त्यात पाय घालू नका, काठावर साबण लावू नका. गवताचा भारा घेऊन येणाऱ्या बाईला वाट द्या, डोंगराच्या बाजूला सरकून, दरीच्या बाजूला नव्हे. ती ओझ्याखाली असताना फोटो काढू नका. भारा उतरला की विचारा, बहुतेक वेळा ती हसून हो म्हणते.

जेवणात अनोळखी काही नाही, फक्त नावं वेगळी. मडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ. भट्ट हे काळं सोयाबीन, त्याची दाट चुडकाणी भाताबरोबर खातात. भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी वाढतील, तिने नशा होत नाही, निर्धास्त खा. गरम पाणी लाकडावर तापतं आणि ते लाकूड कोणीतरी वाहून आणलेलं असतं. एका बादलीत आंघोळ करा.

बंद घरंही दिसतील. कुलपाला गंज, अंगणात गवत. २००१ ते २०११ या जनगणनांच्या दरम्यान अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या घटली. माणसं हल्द्वानीला, दिल्लीला गेली. त्या घरांसमोर फोटोसाठी उभं राहण्याआधी शेजारच्या अंगणात बसलेल्या आमाकडे एकदा बघा. ते घर तिच्या दिराचं असू शकतं.

रानात सांभाळायचं ते

अंधार पडण्याआधी गावात. गावकरी 'बाघ' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना बिबट्या म्हणायचं असतं, आणि तो या भागात आहे. रात्री मोरीला जायचं तर एकट्याने नको, विजेरीशिवाय तर नकोच. लहान मूल सोबत असेल तर ते रांगेच्या मध्ये चालेल, शेवटी नाही.

वाटेच्या कडेला सिसूण असते, हिंदीत बिच्छू घास. नुसता स्पर्श झाला तरी आग होते. चोळू नका, थंड पाण्याने धुवा, काही तासांत ओसरते. म्हणून पूर्ण लांबीची विजार घाला. हिचीच भाजी गावात करतात आणि ती चांगली लागते.

झऱ्याचं पाणी गावकरी तसंच पितात. आपण उकळून किंवा शुद्ध करून प्यावं. काही झालंच तर १०८ वर रुग्णवाहिका मिळते, पण ती गाडीरस्त्यापर्यंतच येते आणि फोनला रेंज हवी. म्हणून पोट, ताप, गुडघा यांतलं काहीही सुरू होताना वाटाड्याला सांगा. संकोचाने दडवलेलं दुखणं संध्याकाळी सगळ्यांना जड जातं.

परतताना

परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा ठेवा. ऑक्टोबर २०२१ मध्ये पावसाळा संपल्यावर कुमाऊंत अतिवृष्टी झाली आणि रस्ते वाहून गेले. पाऊस नसला तर त्या दिवशी अल्मोड्याहून साधारण ३५ किलोमीटरवरच्या जागेश्वरला जा. देवदारांच्या दाट रानात शंभराहून अधिक जुनी दगडी देवळं आहेत. अल्मोड्याची बाल मिठाई घ्या, पण भट्ट आणि गहत मात्र गावातूनच घ्या, ज्या घरी जेवलात त्याच घरून.

वाटाड्याला आणि सामान नेणाऱ्याला बक्षिसी वेगवेगळी, ज्याची त्याच्या हातात द्या. मुक्कामाच्या घरी काही द्यायचं तर त्यासाठी समितीची पेटी आहे का ते विचारा. आणि काढलेले फोटो फोनवर पाठवून थांबू नका. छापून घ्या, मागे गावाचं नाव आणि तारीख लिहा, पोस्टाने पाठवा. पत्ता निघण्याआधी वाटाड्याकडून हिंदीत लिहून घ्या, पिनकोडसकट.